बोटीवरची झोप आणि केबिनची निवड

दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की दवाखान्यात प्रवासाविषयीची विचारपूस सुरू होते. पूर्वी ती अष्टविनायक, वेलंकणी, काशी-रामेश्वर अशा यात्रांची असे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही मोठी बोट पर्यटकांना घेऊन निघू लागली आणि या यादीत क्रूझची भर पडली. निवृत्त आईवडिलांना मुले हौसेने दोन-तीन रात्रींच्या सहलीचे तिकीट काढून देतात. मग आई-बाबा माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, “डॉक्टर, बोट लागू नये म्हणून कोणती गोळी घेऊ?”

गोळीचा प्रश्न योग्यच आहे, त्याचे उत्तर पुढे देतो. पण आपली केबिन बोटीच्या कोणत्या भागात आहे, तिच्या डोक्यावर काय आहे आणि पायाखाली काय आहे, हे आजवर एकाही रुग्णाने मला आपणहून सांगितलेले नाही. साठी उलटलेल्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसासाठी हा प्रश्न गोळीपेक्षा महत्त्वाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. केबिन निवडताना आधी शांतता पाहावी, नंतर खिडकी-गॅलरी आणि सर्वांत शेवटी खोलीतला सोफा. एजंटकडे क्रम नेमका उलटा असतो.

माझ्या माहितीतील पापडीच्या एक निवृत्त शिक्षिका तीन रात्रींची सहल करून परतल्या आणि चौथ्या दिवशी डोके दुखते म्हणून आल्या. एरवी गोळ्यांवर १३०-८० असणारा रक्तदाब १७०-१०० होता. जेवणातले मीठ, गोळ्यांच्या बदललेल्या वेळा ही कारणे होतीच; परंतु बाईंनी सांगितले की तीन रात्री मिळून त्या सहा-सात तासही सलग झोपल्या नव्हत्या. त्यांची केबिन न्याहारीच्या हॉलच्या बरोबर खाली होती. पहाटे चारपासून वर खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू होई. खोली महाग होती, गॅलरी सुंदर होती, समुद्र समोर होता, फक्त झोप नव्हती.

झोपलेल्या माणसाला आवाज कळत नाही, असा आपला समज असतो. कान मात्र झोपत नाहीत. माणूस जागा झाला नाही तरी दार आपटल्याबरोबर नाडीचा वेग वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि झोप गाढ अवस्थेतून उथळ अवस्थेत येते. सकाळी त्याला काहीच आठवत नाही, पण अंग मोडल्यासारखे वाटते. युरोपातील सहा देशांत मोठ्या विमानतळांभोवती राहणाऱ्या लोकांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रात्रीच्या विमानांचा आवाज जितका जास्त, तितके उच्च रक्तदाबाचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसून आले. अर्थात ती गोष्ट वर्षानुवर्षांच्या आवाजाची आहे. तीन रात्रींत कोणाला कायमचा रक्तदाब जडत नाही. पण ज्याला तो आधीच आहे, त्याचे गणित तीन रात्रींत बिघडू शकते.

शिवाय नव्या जागी पहिली रात्र तशीही अर्धवटच जाते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो आणि बारीकसारीक आवाजालाही प्रतिसाद देतो. आपल्या आज्या म्हणत, “परक्या घरी झोप येत नाही गं.” ते अगदी बरोबर होते. तीन रात्रींच्या सहलीतली एक रात्र अशी हिशेबातून वजाच होते. उरलेल्या दोन तरी राखायला हव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या शिफारशीनुसार झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा. आता बोटीवरचा नियम पाहा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची आवाजाविषयीची संहिता आहे. जुलै २०१४ पासून ती नव्या बोटींना बंधनकारक झाली. दहा हजार टनांहून मोठ्या बोटीवर खलाशांच्या केबिनमध्ये ५५ डेसिबलची मर्यादा तिने घातली. त्यापूर्वीची मर्यादा ६० होती. म्हणजे साधारण आपण समोरासमोर बसून बोलतो तेवढा आवाज. आणि गंमत अशी, की ही संहिता प्रवाशांच्या केबिनला लागूच नाही! ती कामगारांच्या संरक्षणासाठी आहे आणि ते योग्यही आहे. घराशेजारच्या हॉलमध्ये रात्री दहानंतर डीजे वाजला तर पोलिसांना फोन करता येतो. बोटीवर तुम्हाला तुमचा शहाणपणाच कामाला येतो, आणि तोही तिकीट काढतानाच.

हा शहाणपणा फार खर्चिक नाही. बोटीच्या प्रत्येक मजल्याचा, म्हणजे डेकचा, नकाशा कंपनीकडून मिळतो. एजंटाने दाखवला नाही तर मागून घ्यावा आणि तीन डेकचे नकाशे शेजारी शेजारी ठेवावेत: आपला, वरचा आणि खालचा. वर आणि खाली दोन्हीकडे प्रवाशांच्याच केबिन असतील तर निम्मे काम झाले. रात्री त्या मजल्यांवरही माणसे झोपलेलीच असतात.

वर पोहण्याचा तलाव किंवा भोजनगृह असेल तर ती केबिन घेऊ नये. पहाटे डेक धुतात, खुर्च्या मांडतात, ढकलगाड्या फिरतात. वर चालण्या-पळण्याचा मार्ग असेल तर आरोग्याच्या मागे लागलेले लोक पाच वाजताच तुमच्या डोक्यावर धावू लागतात. खाली नाट्यगृह, बार किंवा नाचगाण्याचा हॉल असेल तर ढोलाचा ठोका जमिनीतून पलंगात येतो. हा खालच्या पट्टीचा आवाज सर्वांत वाईट. तो भिंतीने अडत नाही आणि कानात बोळे घालूनही फारसा थांबत नाही. लिफ्ट आणि जिना यांच्या समोरच्या केबिनपुढे मध्यरात्री मंडळी गप्पांचा शेवटचा अध्याय रंगवतात. आपण भारतीय लोक हॉलमध्ये निरोप घेत नाही, दारात घेतो, बोटीवरही तेच.

नकाशावर कधी कधी नुसती पांढरी जागा दिसते, तिथे काहीच लिहिलेले नसते. ती रिकामी समजू नये. तिथे सेवकांची खोली, धुण्याच्या कपड्यांचे कोठार, मुदपाकखान्याचा भाग किंवा खलाशांची वाट असते, आणि तिची दारे रात्रभर उघडतात-मिटतात. तसेच दोन केबिनमध्ये आतून दार असेल तर नकाशावर त्याची खूण असते. कुटुंबाने दोन्ही खोल्या घेतल्या असतील तर ती सोय उत्तम. पलीकडे अनोळखी माणूस असेल तर त्याचे घोरणे, दूरदर्शन संच आणि नवरा-बायकोचे वाद तुमच्या वाट्याला येतात.

राहिला पुढचा आणि मागचा भाग. ज्याने एसटीच्या मागच्या बाकावर बसून जव्हारचा घाट चढला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. मागे बोटीचा पंखा फिरत असतो आणि त्याची थरथर पलंगाच्या पायापर्यंत येते. पुढे नांगराची साखळी असते, शिवाय बंदरात शिरताना बोट आडवी सरकवणारी यंत्रे तिथेच पाण्याखाली घरघरतात, तीही बहुधा भल्या पहाटे. लाटांवर नाक वरखाली होते तेही पुढेच. पाचूबंदरच्या कोणत्याही तांडेलाला विचारा, होडीचा मध्य सर्वांत कमी हलतो. मोठ्या बोटीचेही तसेच आहे. तेव्हा मध्यभागी आणि खालच्या बाजूची केबिन शांतही असते आणि बोटही कमी लागते. विशेष म्हणजे अशी केबिन बहुधा स्वस्त असते, कारण तिथून देखावा दिसत नाही. देखावा पाहायला वर डेक आहेच की!

उलट, केबिनचा क्रमांक नंतर कळवू अशा अटीवर जी स्वस्त तिकिटे मिळतात, ती तरुणांनी खुशाल घ्यावीत. साठीच्या पुढच्यांना मी ती घेऊ देत नाही.

आपल्या तालुक्याला आणखी एक फायदा आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, सांडोर-पापडीपासून थेट अर्नाळ्यापर्यंत, बोटीवर नोकरी केलेला माणूस नाही असे गाव सापडणे कठीण. ज्याने दहा वर्षे प्रवाशांच्या खोल्या आवरल्या, त्याला कोणत्या खोलीतून रोज तक्रारी येतात हे पाठ असते. एजंटाकडे जाण्यापूर्वी नकाशा घेऊन अशा शेजाऱ्याच्या ओटीवर जावे. तो कमिशन घेत नाही, फार तर चहा घेईल.

गुडघे दुखणाऱ्यांची थोडी अडचण होते. त्यांना लिफ्ट जवळ हवी आणि लिफ्टजवळ तर गोंगाट. अशांनी लिफ्टपासून पाच-सहा दारे सोडून केबिन घ्यावी. तेवढे चालणे झेपते. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी ते चालेल ना, पलंगाजवळ विजेची जोडणी आहे ना, हे आधीच लेखी विचारावे. घरून आणलेली वायर बोटीवर पुष्कळदा नेऊ देत नाहीत.

आता गोळीविषयी. प्रोमेथाझिन, म्हणजे आपण अ‍ॅव्होमिन म्हणून घेतो ती गोळी, निघण्यापूर्वी एक-दोन तास घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. ती गुंगी आणते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी तिने अडू शकते आणि काचबिंदू असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सिनारिझिन, म्हणजे स्टुजेरॉन, कंपवाताच्या रुग्णांनी टाळावी. दोन्हींवर मद्य घेऊ नये. मळमळ सुरू झाली तर खोलीत पडून पुस्तक वाचण्यापेक्षा वर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे.

झोपेची गोळी मात्र मी सहलीसाठी लिहून देत नाही. हलत्या बोटीवर रात्री लघवीला उठलेला, गोळीच्या अमलाखालचा वृद्ध माणूस न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळतो आणि मांडीचे हाड मोडते. त्याऐवजी कानात घालायचे मऊ फोमचे बोळे न्यावेत, औषधांच्या दुकानात सहज मिळतात. खोलीतला पंख्यासारखा एकसुरी आवाज बंद करू नये. अधूनमधून होणाऱ्या आवाजांवर तो पांघरूण घालतो. जोडप्यातील एकाने तरी कान मोकळे ठेवावेत, कारण धोक्याची सूचना ऐकू आली पाहिजे: सात किंवा अधिक आखूड भोंगे आणि शेवटी एक लांब. निघतानाच याची तालीम घेतात. ती चुकवून चहा पीत बसणारे महाभाग मला माहीत आहेत.

तुमची दोन-तीन रात्रींची सहल संपते, पण ज्या मुलांनी तुमची खोली आवरली ती वर्षातले कित्येक महिने त्याच बोटीच्या पोटात झोपतात. त्यांतली काही आपल्याच गावची असतात. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराने त्यांना चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती दिली आहे. ती दोन तुकड्यांत देता येते, मात्र एक तुकडा सहा तासांचा असावा लागतो. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. घरी फोनवर आई जेवलास का विचारते. झोपलास किती, हेही विचारावे. इंजिनच्या खोलीत काम करणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर कानांचाही प्रश्न आहे. ८५ डेसिबलपुढच्या आवाजात कानांवर संरक्षक लावल्याशिवाय थांबू नये. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि ती जाताना दुखतही नाही. मुलगा रजेवर आला की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री करून घ्यावी. तपासणीपूर्वी चौदा-सोळा तास तरी मोठ्या आवाजापासून दूर राहावे लागते, नाहीतर तात्पुरता बधिरपणा निकालात मिसळतो. म्हणून गावातल्या लग्नाच्या बँडच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊ नये.