जात गेली म्हणता, मग टाकीत कोण उतरते?

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीला जाणाऱ्या होडीत रविवारी सकाळी जी गर्दी असते, ती पाहून कोणालाही समतेचा साक्षात्कार व्हावा. मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परतणारी कोळीण, गावठाणातील ख्रिस्ती म्हातारा, समुद्रावर निघालेली अंधेरी-बोरिवलीची पोरे आणि सुट्टीसाठी स्वतःच्या बंगल्यावर जाणारे एखादे गृहस्थ, सारे खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. अशाच एका खेपेत शेजारच्या बंगलेवाल्या गृहस्थांनी प्रस्तुत लेखकाला सुनावले, "पाहा, येथे कोण कोणाला जात विचारतो? तुम्ही समाजवादी मंडळीच ती उकरून काढता. भेदभाव होता तो आमच्या आजोबांच्या काळात. आता उरली आहे ती फक्त गरिबी आणि श्रीमंती." खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही, उत्तर अर्धवट राहिले. ते येथे पुरे करीत आहे. कारण हे मत त्या एका गृहस्थांचे नाही. आज साऱ्या पांढरपेशा वर्गाचे ते मत आहे, आणि आपल्या चळवळीतील कित्येकांनाही ते मनातल्या मनात पटू लागले आहे.

प्रथम त्या गृहस्थांना न्याय दिला पाहिजे. ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या मनात कोणाविषयी द्वेष नसेल, ते कोणाच्या हातचे पाणी नाकारीत नसतील. परंतु प्रश्न त्यांच्या मनाचा नाहीच. व्यवस्था जेव्हा भेदभाव करते, तेव्हा तिला दुष्ट माणसांची गरज लागत नाही. तिला केवळ रुळलेल्या वाटा आणि त्या वाटांनी निमूट चालणारी सज्जन माणसे लागतात. म्हणून भेदभाव आहे की नाही याची कसोटी मनात शोधू नये. कोणते काम, कोणते घर आणि कोणते मरण कोणाच्या वाट्याला जन्माने येते, हे पाहावे. ही कसोटी लावण्यास धैर्य लागत नाही, केवळ डोळे उघडे ठेवावे लागतात.

गटारापासूनच आरंभ करू. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, अधिक कडक असा दुसरा २०१३ साली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मरणाची किंमत वाढवावी लागते, याचा अर्थ मरण थांबलेले नाही. यावर सरकारने शोधलेला मार्ग शब्दांचा आहे. मैला वाहून नेण्यामुळे कोणी मेल्याची नोंद नाही, असे संसदेत सांगायचे आणि गटारातील मृत्यू 'धोकादायक सफाई' या निराळ्या रकान्यात घालायचे! रकाना बदलला, टाकीतला वायू बदलला नाही, टाकीत उतरणारा माणूसही बदलला नाही.

तो माणूस कोण, हे आता सरकारच्याच कागदावर आले आहे. गटारे व सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांची जी देशव्यापी नोंदणी केंद्र सरकारने हाती घेतली, तीत २०२४ पर्यंत सुमारे ३८ हजार कामगारांची माहिती जमा झाली होती. त्यांतील सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग धरले तर हे प्रमाण ९२ टक्क्यांच्या घरात जाते. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचा लोकसंख्येतील वाटा साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होता. 'फक्त गरिबी' म्हणणाऱ्यांनी या दोन आकड्यांतील अंतर कशाने भरून निघते ते सांगावे. या मुंबईत सर्व जातींचे गरीब येतात. कोणी रिक्षा चालवतो, कोणी हमाली करतो, कोणी रात्रभर पहारा देतो. दारिद्र्य सर्वांना छळते. मग गटाराचे झाकण उघडले की ते इतके अचूक जात ओळखून माणूस कसे निवडते?

शिवाय महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद आहे. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींतून आलेली ही सवलत कामगारांनी लढून टिकवली आहे, आणि तिच्यावर घाला घालणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. कारण कायम नोकरी गेली की त्याच घरातला मुलगा कंत्राटदाराकडे निम्म्या पगारावर तेच काम करतो. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. राखीव जागांविरुद्ध उठता बसता गुणवत्तेची दुहाई देणाऱ्यांनी झाडूवरील ही वंशपरंपरा मोडण्यासाठी कधी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. या एका क्षेत्रात कोणालाच वाटा नको आहे!

कोणी म्हणेल, ही जुन्या रूढीची शिल्लक आहे, राज्यसंस्थेचा यात काय दोष? त्यांनी ३ ऑक्टोबर २०२४ रोजीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. मुंबईच्या एका पत्रकार भगिनीच्या याचिकेवर दिलेल्या या निकालाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले. झाडलोट व मैला विशिष्ट जातींच्या कैद्यांकडे, स्वयंपाक उच्च मानलेल्या जातींकडे, अशी ही वाटणी छापील सरकारी पुस्तकांत नांदत होती. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली ती १९५० साली. त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे या पुस्तकांवर अधिकाऱ्यांच्या सह्या होत राहिल्या. त्यांपैकी प्रत्येक अधिकारी जातीयवादी होता काय? मुळीच नाही. तो केवळ नियम पाळीत होता. आम्ही ज्याला व्यवस्था म्हणतो ती हीच.

आता घराकडे वळू. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला ती मराठी आहे म्हणून जागा नाकारली गेली, तेव्हा अवघा महाराष्ट्र खवळला. तो संताप रास्तच होता. परंतु त्या आठवड्यात आपल्याला जे कळले, ते दलितांना आणि मुसलमानांना कित्येक वर्षे ठाऊक आहे. आडनाव विचारायचे, 'मांसाहारी आहात का' म्हणून चौकशी करायची आणि 'जागा कालच गेली' असे गोड शब्दांत सांगायचे, ही या शहराची रीत आहे. बाबासाहेबांची जयंती कराल का, हे घरमालकाला तोंडाने विचारावे लागत नाही. आडनाव ऐकताच त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटतो. आपले दार बंद झाले तेव्हा ती 'अस्मिता' दुखावली. इतरांचे दार बंद होते तेव्हा तो मालकाचा 'खाजगी हक्क' ठरतो! कायदाही येथे मालकाच्याच बाजूला झुकतो. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, घरांचा नाही. २००५ साली एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखण्याचा नियम वैध मानला. 'सहकार' हा आमच्या श्रद्धेचा शब्द. त्याच शब्दाच्या आडून गावकुस पुन्हा बांधता येते, हे आपण अद्याप नीट ओळखलेले नाही.

हे सारे जगापुढे मांडू नये, असाही एक देशाभिमानी आक्षेप असतो. २००१ साली डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, सबब हा विषय तेथे नको, अशी भारत सरकारची भूमिका होती. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ठामपणे सांगितले होते. पण त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते द्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढील त्यांच्या अर्जाची चौकशी केली होती. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना. १९७२ साली मुंबईच्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेला 'पँथर' हे नाव घेतले ते तेथील कृष्णवर्णीयांकडून. वंश आणि जात या दोन गोष्टी निराळ्या. त्यांचे काम एक. जन्मावरून माणसाची जागा ठरविणे, हे ते काम. आणि ही जात आता विमानातूनही प्रवास करते. २०२३ साली सिअॅटल शहराला जातिभेदावर बंदी घालावी लागली, ती तेथील मूळच्या अमेरिकनांसाठी खचित नव्हे.

आता चार शब्द स्वकीयांना. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावले, हा आमचा अभिमान आहे. पण मंदिराचे दार उघडले म्हणून सोसायटीचे दार उघडत नाही, हे पाहण्याचे आम्ही पुढे टाळले. वर्ग नष्ट झाला की जात आपोआप गळून पडेल, या आशेवर आमच्या पिढ्या गेल्या. जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा सिद्धान्त आम्ही सभांतून ऐकवला. संघटनेच्या कार्यकारिणीत मात्र तो उतरविला नाही. सफाई कामगारांच्या मोर्चात भाषणे आमची आणि झाडू त्यांचा, ही वाटणीही व्यवस्थेचाच भाग नव्हती काय?

जातीविषयी बोलल्याने जात वाढते, हा शेवटचा युक्तिवाद. तापमापकाने ताप वाढतो असे म्हणण्यासारखेच हे आहे. १९३१ नंतरच्या जनगणनांत अनुसूचित जाती-जमाती वगळता इतर जाती मोजल्या गेल्या नाहीत. नव्वद वर्षांच्या या मौनात जात मेली नाही. येत्या जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला, तो म्हणून स्वागतार्ह आहे. पण केवळ मोजून भागणार नाही. सफाईचे कंत्राटीकरण बंद झाले पाहिजे. माणूस उतरवणे अशक्य होईल अशी यंत्रे प्रत्येक पालिकेत आली पाहिजेत. सफाई कामगाराच्या मुलांना दुसऱ्या धंद्याचे शिक्षण व नोकरी हक्काने मिळाली पाहिजे. आणि घर नाकारणे हा जातिभेदाचा गुन्हा मानणारा कायदा या राज्याने केला पाहिजे.

होडीतील त्या गृहस्थांशी पुन्हा गाठ पडेल तेव्हा वाद घालणार नाही. एवढेच विचारीन, की आपल्या बंगल्याची सेप्टिक टाकी भरते तेव्हा आपण कोणाला बोलावणे पाठवता, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो? आपण त्याला जात विचारीत नाही हे खरे. आपल्याला ती विचारावी लागत नाही.