बारा नगरसेवक आणि आमचे मत

निवडणूक आली की आमच्या दारात येणाऱ्या माणसाची भाषा बदलते. गेल्या डिसेंबरात अंबरनाथ नगरपरिषदेच्या प्रचारात एक उमेदवार आमच्याकडे आला. शेजारच्या बिऱ्हाडात तो चांगला मराठीत बोलत होता. आमच्या दारावरची नावाची पाटी वाचली आणि एकदम म्हणाला, "सलाम वालेकुम चाचा, दुआओं में याद रखना." मी म्हटले, "बसा, चहा घ्या. आणि तुमचा जाहीरनामा दाखवा." जाहीरनामा त्याच्याजवळ नव्हता. कार्यकर्त्याच्या पिशवीत हिरवी शाल मात्र होती.

तो कोणत्या पक्षाचा होता हे महत्त्वाचे नाही. यात सगळे पक्ष सारखेच. पण पुढे जे घडले त्याची जबाबदारी काँग्रेसला टाळता येणार नाही.

20 डिसेंबरला मतदान झाले. शिंदे यांच्या शिवसेनेला 27, भाजपला 14, काँग्रेसला 12 आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला 4 जागा मिळाल्या. नगराध्यक्षपद भाजपकडे गेले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की शिवसेनेला बाहेर ठेवण्यासाठी भाजप आणि काँग्रेस एकत्र आले आहेत! दिल्लीत एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष अंबरनाथमध्ये एका आघाडीत. ओरड झाली, काँग्रेसने आपल्या बाराही नगरसेवकांना निलंबित केले आणि ते बाराही जण थेट भाजपमध्ये दाखल झाले. आठवडाभरात विषय संपला.

माझ्यासाठी मात्र तो संपलेला नाही. ज्यांनी भाजप नको म्हणून पंजावर बटण दाबले, त्यांचे मत आज कुठे आहे? नगरसेवकांनी पक्ष बदलला, पक्षाने कारवाई केली. पण त्या मतदारांसमोर येऊन "आमचे चुकले" असे म्हणायला कोणी आले का? मला तरी कोणी दिसले नाही.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात आमची वस्ती भिवंडी किंवा मुंब्र्यासारखी एकगठ्ठा नाही. कारखान्यांच्या निमित्ताने आलेली, चाळींत आणि इमारतींत विखुरलेली कुटुंबे आहेत. त्यामुळे आमच्यामुळे कोणी निवडून येत नाही, फार तर कोणी पडू शकतो. म्हणून आमची आठवण होते ती बेरजेच्या वेळी. बेरीज झाली की पाटी पुसली जाते.

हे एका नगरपरिषदेपुरते नाही. 2014 मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने मुस्लिमांतील मागास घटकांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. महमूदुर रहमान समितीचा अहवाल 2013 मध्येच आला होता, तरी निर्णय झाला तो विधानसभा निवडणूक तोंडावर आल्यावर. शिक्षणातले आरक्षण उच्च न्यायालयानेही थांबवले नव्हते. पुढच्या सरकारने अध्यादेशाचा कायदा केला नाही, तो भाजपचा निर्णय. पण 2019 नंतर अडीच वर्षे महाविकास आघाडी सत्तेत होती. विधिमंडळात आश्वासन दिले गेले, कायदा झाला नाही. 2024 च्या लोकसभेत राज्यातल्या 48 जागांपैकी एकाही जागेवर आघाडीने मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसच्याच नसीम खान यांनी नाराज होऊन प्रचार समितीचा राजीनामा दिला. आम्ही मात्र तरीही आघाडीला मते दिली. संविधानाचा प्रश्न होता, आणि आमच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता?

इथेच आपलीही चूक आहे. "अमक्याला पाडायचे" एवढ्यावर आपण मत देतो आणि मतदानाच्या संध्याकाळी मोकळे होतो. मोहल्ल्यातला एखादा पुढारी शब्द देतो, आपण त्याच्या शब्दावर जातो. भीतीपोटी दिलेल्या मताचा हिशेब कोणी देत नाही, कारण आपण तो मागतच नाही. इफ्तारला नेता आला, टोपी घातली, फोटो निघाला, की आपल्यालाही बरे वाटते. शीरखुर्मा त्याला जरूर द्यावा, तो आपला रिवाज आहे. पण वाटी हातात देताना मुलांची शाळा, शिष्यवृत्ती आणि कब्रस्तानची जागा यांवर दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

काँग्रेसला आमच्याशी खरे नाते जोडायचे असेल तर फार काही करायला नको. आमच्याशी आमच्या भाषेत, म्हणजे मराठीत बोलावे. आम्हाला वॉर्डाच्या बैठकीला बोलवावे, फक्त ईदला नव्हे. आणि आधी अंबरनाथला येऊन एक सभा घ्यावी. हारतुरे नकोत, शाल नको. त्या बारा जणांना तिकीट कोणी दिले, कशाच्या भरवशावर दिले, आणि पुढच्या वेळी असे होणार नाही याची हमी काय, एवढे सांगावे.

मी त्या सभेला जाईन. पहिल्या रांगेत बसेन. चहाही माझ्याकडून.