निमित्त कशाला हवं?

रविवारी उजाडताना सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीला कधी गेलात तर तिथली गर्दी जरूर बघा. कॉलेजच्या पोरी, निवृत्त झालेले आजोबा, आठवड्यातून एकदा गड चढायचाच असा नेम केलेली मंडळी. आणि त्यांच्यातच एखादा घोळका असतो मैत्रिणींचा. पाठीवर सॅक, पायात बूट आणि एकीच्या हातात साखळी. साखळीच्या दुसऱ्या टोकाला शेपूट हलवणारं कुत्रं, सगळ्यांच्या आधी गड चढायला निघालेलं! कुणी सिंहगडावर, कुणी पवनेच्या जलाशयाकाठी, कुणी मुळशीकडे. पुण्यातल्या बायकांना हा रविवार आता चांगलाच अंगवळणी पडलाय.

'पुण्याचं काय हो, तिथं सगळंच चालतं!' असं आपल्यापैकी अनेकींच्या मनात येईल. पण मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. आपण घराबाहेर पडतो ते कशासाठी? देवदर्शन, लग्न, बारसं, मुलाची परीक्षा, सासूबाईंचा दवाखाना, फार तर माहेरपण. प्रत्येक बाहेर पडण्याला काहीतरी कारण चिकटलेलं असतं. घरातला पुरुष 'जरा जाऊन येतो' म्हणतो आणि चपला घालतो. तेच बाईने म्हटलं की चार प्रश्न उभे राहतात. कुठे? कशाला? कुणाबरोबर? आणि स्वयंपाकाचं काय?

यातली गंमत अशी, की या कुत्र्याने पुष्कळ जणींची सोय केलीय. 'त्याला फिरवून आणते' म्हटलं की कुणी अडवत नाही. मुकं जनावर, त्याला मोकळी हवा हवीच, पाय मोकळे करायला हवेतच, नाहीतर ते घरात चिडचिड करतं, हे सगळ्यांना लगेच पटतं. पण हीच गरज घरातल्या बाईलाही असते, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही. खरं तर स्वतःशीसुद्धा कबूल करता येत नाही. रविवार म्हणजे सगळ्या घराची सुट्टी आणि आईचा डबल सोमवार. नाश्त्याला काहीतरी खास, दुपारी साग्रसंगीत, संध्याकाळी पाहुणे. मग ती चिडली की 'हिला झालंय तरी काय?'

बरं, बायकांनी मिळून रानात जायचं, हे काही नवं फॅड नाही. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडून आवळीभोजन कोण करत होतं? मंगळागौरीला रात्र रात्र जागून फुगड्या कोण घालत होतं? डोक्यावर तुळस घेऊन पंढरीची वाट कोण चालतं? आपल्या आज्या-पणज्यांनी मोकळं होण्याच्या जागा शोधून ठेवल्या होत्या. फक्त त्यांनाही त्यासाठी व्रताचं, सणाचं निमित्त लागत होतं. २००९ मध्ये पुण्याच्या कृष्णा पाटीलने १९ व्या वर्षी एव्हरेस्ट सर केलं, तेव्हा आपण सगळ्यांनीच तिचं तोंडभरून कौतुक केलं. पण शेजारच्या काकू चार मैत्रिणींबरोबर साधा गड चढायला निघाल्या की 'या वयात हे काय?' विक्रम केला तर कौतुक, नुसता आनंद घेतला तर नावं!

'पण किती अपघात होतात!' हा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारचे, दोन्ही पावसाळ्यातले. यातून 'बायकांनी जाऊच नये' असा अर्थ काढणं सोपं आहे. पण शिकायचं ते वेगळंच. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा क्षणात फुगतो. म्हणून पावसाळ्यात वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. जलाशयाचा काठ कितीही शांत दिसला तरी खोलीचा अंदाज येत नाही, तिथे पोहायचं नाही. गर्दीच्या पुलावर थांबून फोटो काढायचे नाहीत. कुठे चाललोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघायचं. परवानगी म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून!

कुत्रं बरोबर असेल तर त्याचीही जबाबदारी आलीच. रेबीजची लस वेळेवर हवी, साखळी हातात हवी. वाटेत धनगराची शेळ्या-मेंढरं दिसली की लाडक्या मोत्याचाही वाघ होतो आणि नुकसान गरिबाचं होतं. अभयारण्यात त्याला न्यायचंच नाही. उन्हात कातळ तापला की त्याचे पाय पोळतात, तेव्हा पहाटेच निघा आणि त्याच्यासाठी वेगळं पाणी घ्या. आणि हो, त्याने कितीही आशाळभूतपणे बघितलं तरी कांदाभजी देऊ नका. कांदा कुत्र्याला बाधतो. घरी आल्यावर गोचिड्या तेवढ्या तपासा.

आणखी एक. गडावर चुलीपुढे बसून आपल्याला गरम पिठलं-भाकरी वाढणारी, मडक्यातलं दही हातात देणारी बाईच असते. आपल्या सुट्टीचा दिवस हा तिच्या सगळ्यांत जास्त कष्टाचा. तिच्याशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस कशाला? तिच्या अंगणात प्लॅस्टिक कशाला टाकायचं? ज्या मुळशीच्या पाण्याकडे बघून आपण 'काय सुंदर!' म्हणतो, त्या धरणात गावं बुडू नयेत म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. ज्यांच्या दारी जातो, त्यांची आठवण ठेवून पाहुण्यासारखं वागलं तर आपला आनंद उणा होत नाही.

राहता राहिला खर्च. गाडी हवी, तंबू हवा असं काही नाही. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की भाजे गावावरून लोहगडाला चालत जाता येतं. याच लोहगडाचा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झालाय. आणि त्यासाठी पुण्यालाच यायला हवं असंही नाही. सातारकरणींना अजिंक्यतारा आहे, जुन्नरला शिवनेरी, कोल्हापूरला पन्हाळा, अमरावतीला चिखलदरा. कुठे काहीच नसलं तरी गावाबाहेरचा तलाव, देवीची टेकडी असतेच. फक्त तिथे नवरात्राशिवाय आपण जात नाही, इतकंच.

तेव्हा सुरुवात छोटी करा. दोन मैत्रिणी, दोन तास, डब्यात दशमी आणि चटणी. रविवारचा नाश्ता त्या दिवशी घरातल्या इतर कुणालातरी करू द्या. पोहे थोडे कोरडे होतील, होऊ द्यात! आणि 'कशाला चाललीस?' असं कुणी विचारलं, तर कुत्र्याचं, देवाचं, नणंदेचं नाव पुढे करू नका. 'मला जावंसं वाटतंय' एवढंच सांगा. पहिल्यांदा जड जाईल. दुसऱ्यांदा जमेल. बघा तर सांगून!