ऊन पाणी, गाठ आणि चिठ्ठी

गेल्या महिन्यात गणेशपुरीत एका सहकाऱ्याच्या दवाखान्यात दुपारभर बसलो होतो. भीमेश्वराच्या देवळालगतच्या कुंडात अंघोळ उरकायची आणि ओला टॉवेल खांद्यावर टाकून तसंच दवाखान्यात यायचं, ही इथली जुनी रीत. खरूज असो, गुडघे असोत की कंबर, आधी ऊन पाणी, मग डॉक्टर. त्यात काही वावगं वाटत नाही. निदान डॉक्टरपर्यंत माणूस येतो तरी.

त्या दिवशी वीटभट्टीवरची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी एकोणीस-वीसची. गळ्याच्या डाव्या हाडावरच्या खळग्यात गाठ, रबरासारखी, न दुखणारी. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरलेलं. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे दाखवलं होतं. तिथली चिठ्ठी बाईने पिशवीच्या तळातून काढली, घड्या पडून चिरलेली. तिच्यावर निदान म्हणून दोन शब्द होते : ‘गाठ, कॉक्स’. खाली एकेटी, म्हणजे टीबीची औषधं. सुईची तपासणी नाही, तुकडा नाही. गोळ्या न चुकता घेतल्या होत्या. गाठ होती तिथेच होती आणि शेजारी दुसरी आली होती.

“काय झालंय म्हणून सांगितलं होतं?”
“गाठ हाय म्हणले. औषदानं इरघळंल.”

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू जाहीर केला, आणि आपण त्यांच्या आडनावाचा आडपडदा केला. पेशंटला ‘टीबी’ कळू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा होऊ नये, म्हणून ‘कॉक्स’. हेतू चांगला होता, नाही असं नाही. पण पेशंटपासून लपवायला घेतलेला शब्द हळूहळू आपल्यापासूनही लपवू लागतो. प्रश्नचिन्हासह लिहिलेलं ‘कॉक्स’ दुसऱ्या भेटीत प्रश्नचिन्हाविना उतरवलं जातं आणि तिसऱ्या भेटीत ते निदान झालेलं असतं. माझ्याही जुन्या केसपेपरांत अशी उदाहरणं सापडतील, हे कबूल करतो.

आणि ‘गाठ’? चरबीची तीच, स्तनातली तीच, मानेतली तीच. खरं तर मराठी इतकी दरिद्री नाही. पायाला काटा लागून जांघेत आलेल्या गाठीला आपल्या आज्या ‘अवधाण’ म्हणत. जखम बरी झाली की ते उतरतं, हे ज्ञान त्या शब्दातच होतं. मानेभोवती माळेसारख्या ओवलेल्या आणि पुढे फुटून वाहणाऱ्या गाठींना ‘गंडमाळा’. गालगुंड वेगळं, गलगंड वेगळा. एका शब्दात जागा, चाल आणि शेवट. आपण कॉलेजात जाऊन ‘लिम्फॅडेनोपथी’ शिकलो आणि पेशंटशी बोलताना मात्र या सगळ्यांची मिळून एकच ‘गाठ’ केली.

याला उतारा म्हणून कोणी परिभाषा पुढे करतं. लिम्फोमासाठी लसीका आणि अर्बुद यांचा संधी करून ‘लसीकार्बुद’. शब्द व्याकरणात चोख आहे. दवाखान्यात तो उच्चारून पाहा. मी पाहिला आहे. समोरच्या आजोबांनी विचारलं, “म्हणजे कोविडच्या लशीनं झालं का हो?” पुढची पंधरा मिनिटं लशीची बाजू मांडण्यात गेली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हाही त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असं भारदस्त नाव मिळालं होतं. लोकांनी ‘प्लेग’ आणि ‘गाठीचा ताप’ ठेवले. एन्झाइमला शालेय पुस्तकांतला शब्द ‘विकर’. त्यात एक काना पडला की ‘विकार’, आणि ‘यकृताचे विकर वाढले’ हे वाक्य प्रूफरीडर सद्भावनेने सुधारून टाकतो. आमच्या मासिकाच्याच एका अंकात हे झालं आहे. ‘जंतू’चीही तीच गत : आपण बॅक्टेरिया म्हणतो आहोत, आईला पोटातले जंत दिसत असतात आणि ती जंताचं औषध मागते.

म्हणून या मासिकापुरता आमचा निर्णय असा : जिवाणू आणि विषाणू ठेवायचे, ते रुळले आहेत. एन्झाइम आणि लिम्फोमा जसेच्या तसे. पेशंटसाठी लिहिताना शब्द न देता वाक्य द्यायचं.

वाक्य देता येतं का? अवघडात अवघड विषय घेऊ, एन्झाइमची गतिकी. ‘गतिकी’ हा शब्द भौतिकशास्त्राने डायनॅमिक्ससाठी आधीच उचललेला, त्यामुळे विद्यार्थी गोंधळतो ते वेगळंच. लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये साखर तोडणाऱ्या इन्व्हर्टेजवर काम करून जे समीकरण मांडलं, ते आपण परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरलो. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला ते समीकरणाशिवाय कळतं. कारखान्यात माग ठरलेले. सूत कमी असेल तोवर जितकं सूत वाढवाल तितकं कापड वाढतं. सगळे माग चालू झाले की आणखी सूत आणून उपयोग नाही, ते गोदामात साठतं. फेनिटोइनचं हेच होतं. रोज ३०० मिलिग्रॅमवर ठीक असलेला फिटचा पेशंट ४०० वर झोकांड्या खात येतो, कारण यकृतातले माग आधीच भरत आले होते. शंभरची कॅप्सूल सरळ वाढवायची नाही, थोडं थोडं वाढवायचं, ते एवढ्यासाठी.

आता त्याच कारखान्यात एकेटीतलं रिफाम्पिसिन आणा. ते नवे माग बसवतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा फडशा पडतो, वॉरफरिन अपुरं पडतं आणि एकेटी चालू असलेली बाई दिवस गेले म्हणून येते. आयसोनियाझिड उलट काही माग अडकवून ठेवतं. त्यामुळे फेनिटोइन चालू असलेल्याला एकेटी द्यायची तर रक्तातली पातळी पाहायला हवी, अंदाज चालत नाही. रिफाम्पिसिन थांबवलं तरी नवे माग काही आठवडे चालू राहतात, हे बाईला सांगायचं राहून जातं. ‘टीबीच्या गोळ्यांनी पाळण्याच्या गोळ्या बाद होतात, शेवटच्या गोळीनंतर महिनाभर दुसरी सोय ठेवा.’ चिठ्ठीवर एवढं मावतं.

मुलीकडे परत येतो. सहकाऱ्याने आधी सुईने नमुना घेऊन तो सीबीनॅट या टीबी शोधणाऱ्या यंत्राकडे पाठवला. या यंत्राच्या पोटात जी पीसीआर चालते, ती उकळीजवळच्या तापमानाला न मोडणाऱ्या एन्झाइमवर चालते. या कामी पहिल्यांदा नावारूपाला आलेला एन्झाइम थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचा, आणि तो जिवाणू थॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांना अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उन्हाळ्यांत, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांत, सापडला. १९६९ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन छापलं. कॅरी मुलिस यांना पीसीआरसाठी १९९३ चं नोबेल मिळालं, त्यामागे असं कढत पाणी आहे. गणेशपुरीतली, तानसेच्या काठावरची आपली कुंडंही ऊन पाण्याचीच. कुंडात बुडी मारून गाठ जात नाही. पण गाठ कशाची ते ओळखायची वाट एका उन्हाळ्यातूनच गेली, ही गंमत मला त्या दुपारी फार आवडली.

सीबीनॅट निगेटिव्ह आलं. तेवढ्याने टीबी नाही असं ठरत नाही, जसं पॉझिटिव्हने लिम्फोमा नाही असं ठरत नाही. एकेटी चालू असताना टीबीची गाठही काही काळ वाढू शकते. म्हणून सुईवर न थांबता अख्खी गाठ काढून तपासायला पाठवायची ठरलं. आई अडली : “तुकडा काढला की पसरतं म्हणत्यात.” सहकाऱ्याने तिला समजावलं नाही, विचारलं : “भट्टीतली वीट कच्ची की पक्की, न फोडता कळते का?” ती काही बोलली नाही, पण तिने सही केली.

रिपोर्ट आला तो हॉजकिन लिम्फोमाचा. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णन केलेला हा आजार आज औषधांनी बहुतेकांचा बरा होतो. मुलीचे उपचार मुंबईत सुरू झाले आहेत. एक गोष्ट तिच्या पथ्यावर पडली : मधल्या चार महिन्यांत ‘भूक लागावी’ म्हणून तिला कोणी स्टिरॉइड दिलं नव्हतं. दिलं असतं तर गाठ तात्पुरती बसली असती आणि तुकड्यातही काही धड दिसलं नसतं.

वाचकांना विनंती. तुमच्या भागात मानेच्या, काखेच्या, जांघेच्या गाठींना पेशंट काय काय म्हणतात, ते कळवा. शब्द, गाव आणि त्याने नेमकं काय दाखवलं ते. आणि या आठवड्यात तुमच्या कपाटातले ‘कॉक्स’ लिहिलेले मानेच्या गाठीचे केसपेपर काढून पाहा. ज्यांच्यासोबत ना सुईचा रिपोर्ट आहे ना तुकड्याचा, त्या पेशंटना परत बोलवा.