मोफत फाँटच्या बाजारात विकायला निघालेले मराठी अक्षर

कॅनव्हा या ऑस्ट्रेलियन कंपनीने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ‘ॲफिनिटी’ हे व्यावसायिक डिझाइनचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुले केले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये तिने ते विकत घेतले होते. डिझायनरच्या हातातील अवजार अशा रीतीने स्वस्त होत असताना त्याची मजुरीही स्वस्त होत आहे, हा या घडामोडीचा दुसरा भाग. निमंत्रणपत्रिका, दुकानाचे बोधचिन्ह, वाढदिवसाचे फलक यांचे तयार साचे आता कोणालाही मोबाइलवर मिळतात. छोट्या ग्राहकांवर गुजराण करणाऱ्या मुक्त व्यावसायिकाला याची झळ सर्वांत आधी लागते. त्यामुळे ‘एकदा बनवा आणि पुन्हा पुन्हा विका’ हे डिजिटल उत्पादनाचे गणित त्याला खुणावू लागले, तर नवल नाही. साच्यांचे संच, चिन्हांचे संच, ब्रश आणि फाँट ही त्यातील नेहमीची उत्पादने होत. मराठी डिझायनरच्या बाबतीत या गणिताची खरी परीक्षा फाँटमध्ये होते, कारण त्यात श्रम सर्वाधिक आहेत आणि मोफत पर्यायही सर्वाधिक आहेत.

अक्षरे विकण्याचा धंदा मराठीला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजी चौधरी यांच्या मुंबईतील निर्णयसागर छापखान्याने घडविलेले देवनागरी खिळे देशभरातील छापखान्यांत पोहोचले होते. तेव्हाचे अक्षर शिशाचे होते. ते वजनावर विकले जाई आणि छापून छापून झिजे. ते झिजले, की छापखानदाराला पुन्हा ओतशाळेकडे यावे लागे. संगणकातील फाइल मात्र झिजत नाही. एकदा विकलेली प्रत वीस वर्षे चालते आणि तिच्या कितीही प्रती क्षणात निघतात. ‘एकदा बनवा, अनेकदा विका’ या सूत्राची दुसरी बाजू ‘एकदा घ्या, अनेकांना वाटा’ ही आहे. पहिले उत्पादन बाजारात आणणाऱ्याला ती बहुधा विक्री सुरू झाल्यावरच दिसते.

चारशे आकृत्यांचे ओझे

ग्राहकासाठी केलेले शीर्षक आणि विक्रीसाठी केलेला फाँट यांतील अंतर समजून घेणे येथे आवश्यक ठरते. नाटकांची, चित्रपटांची आणि मासिकांची शीर्षके रेखाटून कमल शेडगे यांनी मराठी अक्षरांकनाची एक परंपरा उभी केली. शीर्षकात पाच-सहा अक्षरे असतात आणि ती एकमेकांच्या शेजारी कशी बसतील हे कलावंताला आधीच ठाऊक असते. फाँटमध्ये ही सोय नाही. खरेदीदार कोणता शब्द टंकणार, हे डिझायनरला कधीच कळत नाही.

युनिकोडमधील देवनागरीचा विभाग अवघ्या १२८ संकेतांचा आहे. परंतु जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, रफाराची स्थाने आणि वेलांटीच्या कमी-अधिक रुंदीच्या आवृत्त्या धरल्या, तर आकृत्यांची संख्या सहज चारशे-पाचशेच्या पुढे जाते. ‘कि’ आणि ‘क्ष्मि’ यांना एकच ऱ्हस्व वेलांटी पुरत नाही. शिरोरेषा अक्षरागणिक अचूक जुळली नाही, तर छपाईत बारीक फटी दिसतात. त्यात मराठीच्या खास गरजांची भर पडते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद दाखविणारा ‘ऱ्य’ नीट न उमटणारा फाँट मराठीसाठी निरुपयोगी होय. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या फाँटमध्ये ते असण्याचा प्रश्नच नव्हता. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे आहेत, आणि राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय घेताना या वळणांचा आग्रह धरला. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली, की ही रूपे आपोआप येतील, अशी तरतूद फाँटमध्ये करता येते. पण सामान्य वापरकर्ता भाषा निवडण्याच्या फंदात पडत नाही. मुख्य बाजारपेठ मराठी असेल, तर मराठी वळण हेच मूळ रूप ठेवणे आणि हिंदी वळण पर्याय म्हणून देणे शहाणपणाचे ठरते.

एवढे सगळे करून फाँट तयार झाला, तरी तो सर्वत्र सारखा चालतोच असे नाही. देवनागरी अक्षरे जुळविण्याचे काम प्रत्येक प्रणालीत वेगळे यंत्र करते. ब्राउझरमध्ये बिनचूक दिसणारे जोडाक्षर छपाईवाल्याकडच्या जुन्या कोरलड्रॉमध्ये विस्कटते. अडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या आवृत्त्या आणि पेजमेकर वापरणारी कार्यालये आजही सापडतात. तेथे अजूनही युनिकोडपूर्व संकेतांचे फाँट चालतात. अशा ग्राहकाने फाँट विकत घेतला, तर त्याची पहिली तक्रार ‘तुमचा फाँट खराब आहे’ अशीच असते. फाँट कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये, कोणत्या आवृत्तीपासून चालतो, हे विक्रीच्या पानावर ठळकपणे लिहिणे हा यावरचा साधा उपाय. खरेदीपूर्वी तपासून पाहण्यासाठी मोजक्या अक्षरांची चाचणी प्रतही द्यावी. कित्येक चांगल्या फाँटच्या बाबतीत नेमके हेच राहून जाते.

मोफत आणि विकत

मराठीत विकत घेतलेल्या फाँटशी स्पर्धा कोण करते? पहिला स्पर्धक चोरीची प्रत, हे उघड आहे. दुसरा स्पर्धक अधिक प्रबळ आहे आणि तो पूर्णपणे कायदेशीर आहे. विंडोज २००० बरोबर आलेला, प्रा. र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ लक्षावधी संगणकांवर वेगळे पैसे न मोजता पोहोचला. गुगल फाँट्सवर मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ आणि २०२२ मधील बहुलिपी ‘अनेक’ हे सारे मोफत आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’, ज्याची देवनागरी निनाद काळे यांनी केली, तोही तेथेच मिळतो. हे काम कसलेल्या हातांचे आहे. नवख्याचा पहिला फाँट दर्जात त्यांच्यापुढे टिकेल, अशी अपेक्षा करणे अवाजवी आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे फाँट ग्राहकाला मोफत असले, तरी ते फुकटात तयार झालेले नाहीत. भारतीय लिप्यांच्या अनेक फाँटना गुगलने आर्थिक पाठबळ दिले. संस्थांना त्यातून नाव मिळते आणि मोठ्या कंपन्यांची खास फाँटची कामे येतात. ‘मोफत द्या, प्रसिद्धी मिळेल, मग कामे मिळतील’ हा सल्ला नवोदितांना सर्रास दिला जातो. ज्याच्यामागे संस्था आहे, त्याला तो लागू पडतो. एकट्या डिझायनरचे सहा महिने कोणी आधी मोजलेले नसतात.

त्या सहा महिन्यांचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. समजा, ग्राहकांच्या कामातून महिन्याला २५ हजार रुपये मिळविणाऱ्या डिझायनरने अर्धे वर्ष पूर्णवेळ फाँटला दिले. बुडालेली कमाई दीड लाख रुपये. फाँटची किंमत ९९९ रुपये ठेवली, तर ती भरून निघायला सुमारे १५० प्रती खपायला हव्यात; नफा त्यानंतर. मराठीत एका नव्या, अपरिचित फाँटच्या १५० प्रती पैसे मोजून खपणे सोपे नाही. आठ जाडींचे कुटुंब एकदम उभारण्याऐवजी एकाच जाडीचा, शीर्षकांसाठीचा फाँट प्रथम आणावा, असे या क्षेत्रात सांगितले जाते, त्यामागचे कारण हेच. मजकुराच्या फाँटमध्ये मोफत पर्याय तगडे आहेत. लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे, नाटकांच्या जाहिराती यांसाठी वेगळ्या बाजाच्या अक्षरांची गरज अजून पुरी भागलेली नाही. अर्थात, दिवाळी अंकांसाठीचा फाँट दिवाळीच्या तोंडावर आणून उपयोग नाही. मुखपृष्ठे त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असतात.

किंमत कमी ठेवली, की खप वाढेल, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. गमरोड या विक्रीमंचाचे उदाहरण बोलके आहे. जानेवारी २०२५ पासून तेथे थेट विक्रीवर १० टक्के अधिक ५० सेंट असे शुल्क लागू झाले. मंचाने स्वतः ग्राहक मिळवून दिला, तर ३० टक्के. दोन डॉलरच्या वस्तूवर थेट विक्रीतही ७० सेंट, म्हणजे ३५ टक्के जातात. वीस डॉलरच्या वस्तूवर हेच प्रमाण साडेबारा टक्के होते. ठरावीक शुल्काचा भार स्वस्त वस्तूवर अधिक पडतो आणि तक्रारींचा भार तर किमतीकडे पाहतच नाही. शंभर रुपयांच्या फाँटचा ग्राहक हजार रुपयांच्या ग्राहकाइतकाच वेळ घेतो. देशांतर्गत ग्राहकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पेपालने भारतातील अंतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. परदेशी मंचावर कार्डाने पैसे भरायला मराठी ग्राहक सहसा कचरतो. यूपीआयची सोय नसलेले विक्रीचे पान म्हणजे त्याच्या दृष्टीने बंद दुकानच.

परवान्याचा कागद

डिझायनर ज्या कामाला सर्वांत कमी वेळ देतो, ते परवान्याचे. भारतात अक्षररूपाला कायद्याचे संरक्षण तोकडे आहे. २००२ मध्ये ‘आनंदा एक्स्पांडेड इटालिक्स’ या प्रकरणात कॉपीराइट मंडळाने टाइपफेसची कलाकृती म्हणून नोंदणी नाकारली. फाँटची फाइल संगणकीय प्रणाली म्हणून संरक्षण मागू शकते, कारण अशा प्रणाली कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतींमध्ये मोडतात. पण कोणी तीच अक्षरे पाहून नव्याने रेखाटली, तर मूळ डिझायनरची बाजू दुबळी पडते. डिझाइन कायद्याखाली नोंदणीचा मार्ग आहे; ती दहा वर्षांची असते आणि पाच वर्षांनी वाढविता येते. मात्र उत्पादन प्रसिद्ध होण्यापूर्वीच अर्ज करावा लागतो. उत्साहाच्या भरात नमुने आधीच जगजाहीर केलेले असतात.

स्वतःच्या हक्कांइतकेच दुसऱ्यांचे हक्कही पाहावे लागतात. ‘मुक्ता’सारखे फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. त्यात फेरफार करायला मुभा आहे, पण बदललेला फाँटही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि तो नुसता, स्वतंत्रपणे विकता येत नाही. तयार फाँटची चार अक्षरे बदलून ‘पहिले उत्पादन’ बाजारात आणण्याची पळवाट येथे बंद होते. जुन्या ग्राहकासाठी केलेल्या शीर्षकावरून पूर्ण फाँट वाढविण्याची पद्धतही रूढ आहे. हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात, आणि करारात मुदत व प्रदेश नमूद नसेल तर ते पाच वर्षांपुरते व भारतापुरते मानले जातात, अशी कायद्याची तरतूद आहे. तेव्हा असा फाँट विकण्याआधी त्या ग्राहकाशी झालेला करार काढून वाचणे इष्ट. कित्येकदा करारच झालेला नसतो, ही गोष्ट अलाहिदा.

विकल्या जाणाऱ्या मराठी फाँटबरोबर पुष्कळदा परदेशी परवान्याचा इंग्रजी मसुदा जसाच्या तसा जोडलेला असतो. पण येथील कामाची रीत वेगळी आहे. प्रकाशक फाइल छापखान्याला देतो, छापखाना ती प्लेटवाल्याकडे पाठवितो आणि फाँट सोबत जातो. परवान्यात छापखान्याला सवलत नसेल, तर प्रामाणिक ग्राहकही पहिल्याच दिवशी नियमभंग करतो. किती संगणक, छापखान्याला द्यावा की नाही, संकेतस्थळ व ॲपसाठी वेगळे पैसे का, एवढ्यांची उत्तरे देणारे एक पानभर साधे मराठी पुरेसे आहे.

मराठी पाट्यांचा विषय या संदर्भात वारंवार निघतो. मार्च २०२२ मधील दुरुस्तीने राज्यातील सर्व लहान-मोठ्या दुकानांना देवनागरीत पाटी बंधनकारक झाली आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. देवनागरी अक्षरांना यापेक्षा मोठी सक्तीची मागणी क्वचितच निर्माण झाली असेल. मात्र कायदा अक्षरांची भाषा आणि आकार पाहतो, ती कोणाची आहेत हे पाहत नाही. फ्लेक्स छापणारा संगणकात असलेलाच फाँट वापरतो. दुकानदारही पाटीचे पैसे चौरस फुटावर मोजतो. त्यामुळे फाँट विकणाऱ्याचा खरा ग्राहक दुकानदार नाही आणि फ्लेक्सवालाही नाही. प्रकाशक, जाहिरात संस्था, वृत्तवाहिन्या, ॲप बनविणाऱ्या कंपन्या अशा ज्या थोड्या ठिकाणी परवाना तपासला जातो, तेथेच त्याची विक्री होते. हे गिऱ्हाईक संख्येने थोडे आहे, पण एका परवान्यासाठी अनेक प्रतींची किंमत मोजू शकते. वर केलेल्या हिशेबातील १५० किरकोळ प्रतींऐवजी असे दहा-पंधरा परवाने, हे लक्ष्य एकट्या माणसाला अधिक आवाक्यातील आहे. त्यासाठी जाहिरातीपेक्षा फोन आणि प्रत्यक्ष भेटी जास्त लागतात. आणि त्या कामासाठी बाजूला काढलेले महिने पहिल्या अंदाजपत्रकात सहसा धरलेलेच नसतात.