भुतं कुणाची राखण करतात?

सध्या भुतांचे दिवस चांगले आलेत. जून २०२४ मध्ये 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा आला आणि शंभर कोटींच्या वर गल्ला घेऊन गेला. त्याच वर्षी २०१८ चा 'तुंबाड' पुन्हा थेटरात लावला, तर तो पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. रान, पडका वाडा, मुळ्यांत दबा धरून बसलेलं काहीतरी, धो-धो पाऊस. एसीत बसून पॉपकॉर्न खात भ्यायचं. आपल्या वस्तीतली पोरंही शिट्ट्या मारून आली. मारा शिट्ट्या, माझं काही म्हणणं नाही. पण पिक्चर सुटल्यावर एक सवाल तरी करा. झाडावरचं ते भूत बामणाच्याच पोराचं का?

मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा. ज्याची मुंजच होत नाही तो मुंजा कसा होणार? म्हणजे जिवंतपणी आपल्याला देवळाची पायरी बंद आणि मेल्यावर पिंपळाची फांदी बंद!

कोकणातल्या भुतांच्या याद्या मोबाईलवर फिरत असतात, त्या नीट वाचा. ब्रह्मसमंध बामणाचा. वीर क्षत्रियाचा. देवचार शूद्राचा. झोटिंग कोळ्या-खारव्याचा. खवीस महारा-मांगाचा, कुठं कुठं मुसलमानाचा. हडळ बाळंतपणात मेलेल्या बाईची. मनूकडून जे राहिलं होतं ते भगतानं पुरं केलं. समंधाला शांत करायचं तर ब्राह्मणभोजन आणि दक्षिणा, आपल्या खविसाला नारळ, कोंबडं नाहीतर दारूची बाटली. मसणवट्यातही पंगत वेगळी. ज्या समाजानं मेलेल्याला जात सोडू दिली नाही, तो समाज आम्हाला म्हणतो, जात आता कुठं राहिलीय?

मी धाराशिव जिल्ह्यातला, बालाघाटाच्या डोंगराखालच्या एका गावचा. माझा आज्जा येसकर. राज्य निजामाचं असो नाहीतर काँग्रेसचं, येसकराची रात्र तीच. वेशीवर पहारा द्यायचा. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा न्यायचा, तोही रातोरात, ओढ्यातून आणि माळामाळानं. सरणाची लाकडं फोडायची. मेलेलं ढोर ओढून न्यायचं. ज्या पिंपळाखालून दिवे लागल्यावर पाटील जात नव्हता, त्याच पिंपळाखालून आवसेच्या रात्री माझा आज्जा घुंगराची काठी आपटत जायचा. आज्जी सांगायची, "तुझ्या आज्ज्याला उभ्या जन्मात कधी चकवा लागला न्हाई. त्याला भ्या वाटायचं ते उजाडल्यावर."

हे वाक्य मी कुठल्याच लोकसाहित्याच्या पुस्तकात वाचलं नाही.

भूत असतंच, तर सगळ्यात आधी ते येसकराला दिसायला पाहिजे होतं. पिढ्यानपिढ्या अख्खा महारवाडा मसणवट्यात, वेशीबाहेर, रानात राबला. भूत खरं मानणाऱ्या गावानं आमच्या माणसाला शिळ्या भाकरीवर रोज रात्री त्या भुताच्या तोंडी दिलं. म्हणजे एक तर भूत खोटं आहे हे गावाला मनातून ठाऊक होतं, नाहीतर आमचा जीव गावाच्या हिशेबात नव्हता. दोन्हीपैकी काय ते कबूल करा.

आता आपापल्या गावचा नकाशा काढा आणि भुतं कुठं कुठं बसतात तिथं फुली मारा. मुंजा वाड्यामागच्या पिंपळावर. साती आसरा विहिरीत आणि डोहात. म्हसोबा बांधावर. नाग पुरलेल्या धनावर. चकवा गावाबाहेरच्या माळावर आणि रानात. फुल्या मोजा. पाणी, झाड, जमीन, धन. जिथं मालकी, तिथं भूत. पगार न घेणारा हा वॉचमन! कुणी म्हणेल, लेकरं विहिरीत पडू नयेत म्हणून बायांनी आसरांची गोष्ट रचली असेल. असेल. लेकराच्या काळजीनं सांगितलेल्या गोष्टीशी माझं भांडण नाही. पण लेकरू मोठं झालं, तहानेनं त्या विहिरीवर गेलं, तर आसरा वर येत नव्हत्या. काठ्या घेऊन माणसंच येत होती.

१९७२ साल घ्या. मराठवाड्यात दुष्काळ. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात विहिरीच्या पाण्यापायी दोन दलित बायांना नागवं करून मारलं. आसरांनी नव्हे, गावानं. त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मानवतचं खूनसत्र सुरू झालं आणि जानेवारी १९७४ पर्यंत चाललं. दहा जीव गेले. दहा-दहा वर्षांच्या पोरी, बाया आणि एक वर्षाचं लेकरू. कशासाठी? पिंपळाखालचं गुप्तधन मिळावं, मूल व्हावं, म्हणून मुंजाला रक्त पाहिजे होतं असं खटल्यात पुढं आलं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मुख्य आरोपी म्हणून उभे केलेले दोघं सुटले, शिक्षा हाताखालच्यांना झाली. आता २०२४ साली त्याचीही वेबसिरीज झाली. त्या पोरींच्या आयांना हंड्याला पाणी नव्हतं, हे किती जणांच्या लक्षात राहिलं? मुंजा कुणी पाहिला नाही. पोरींची मढी सगळ्यांनी पाहिली.

आणि १९७८? विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेला जाळलं. कुठला आग्या वेताळ आला होता? रॉकेलचे डबे ओळखीच्या हातांत होते.

इथं एक गल्लत करू नका. भूत वेगळं, राक्षस वेगळा. भूत कुणीच नसतं. राक्षस मात्र कुणीतरी असतो. हरलेला असतो. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हा डाव उघडा पाडला. पुराणातले दैत्य म्हणजे इथले मूळचे रहिवासी, बळीची माणसं. जिंकणाऱ्यांनी त्यांना शिंगं आणि सुळे चिकटवले. ज्या म्हसोबाला आपण शेंदूर फासून बांधावर बसवलं, त्याला फुल्यांनी बळीच्या राज्यातला महासुभा म्हटलं. आता आमच्या जिल्ह्याकडं बघा. २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. नाव धारासुरावरून पडलं असं गावात सांगतात, आणि त्याला मारणाऱ्या धारासुरमर्दिनीचं देऊळही तिथंच आहे. तिकडं तुळजापूरच्या माहात्म्यात कुकुर नावाचा दैत्य मरतो. पाटीवर असुर आणि गाभाऱ्यात त्याला मारणारी! पाटी बदलली म्हणून गुलाल उधळणाऱ्यांपैकी एकानं तरी विचारलं का, की हा धारासुर कोण होता, त्याची जमीन किती होती, आणि तो मेल्यावर ती कुणाच्या नावावर चढली?

रानात खरं जनावर येतं तेव्हा काय होतं तेही आम्ही पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ निघाला. यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे ५०० किलोमीटर चालत आलेला. फॉरेस्टवाल्यांनी कॅमेरे लावले, त्याला बेशुद्ध करून पकडायला पथकं आणली. खऱ्या जनावराला पुरावा असतो. पंजा, केस, फोटो. त्यानं गाय मारली तर पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज करता येतो. भुताला पुरावा लागत नाही. भुताचा संशय आला की पुरावा बाईच्या अंगावर शोधतात.

मराठवाड्यात त्याला भानामती म्हणतात. सून कुत्र्यासारखी भुंकते, डोळ्यांतून खडे निघतात, दांडीवरचं लुगडं पेटतं. दिवसभर राबणारी, रात्री मार खाणारी, तोंड उघडायची सोय नसलेली बाई एक दिवस भुंकते. कारण बोललेलं कुणी ऐकत नाही, भुंकलेलं ऐकतात. मग करणी कुणी केली याचा शोध सुरू होतो आणि बोट जातं एखाद्या एकट्या म्हातारीकडं, विधवेकडं, गावकुसाबाहेर. कधी पाटलाच्या वाड्याकडं गेलंय का हे बोट?

या धंद्याविरुद्ध कायदा मागणाऱ्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. मग सरकारला जाग आली. अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं, आता गुन्हा आहे. २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. खुनी पिंपळावरून उतरले नव्हते, मोटरसायकलवरून आले होते.

पण नुसतं "भूत नसतं" असं सांगून भागत नाही. शहाण्या मध्यमवर्गाचा विवेक तिथंच थांबतो. खेडूत अडाणी आहेत म्हणायचं आणि घरी जाऊन वास्तुशांत घालायची. भूत नाही, बरोबर. पण भुतानं राखलेली जमीन आहे ना? मराठवाड्यात आपल्या भूमिहीनांनी गायरानं फोडली, पेरली. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ च्या सत्याग्रहात त्यासाठी तुरुंग भरले. दगडगोटे होते तोवर भुताचा माळ म्हणत होते. ज्वारी डोलायला लागली तशी भुतं पळाली आणि गाव कुऱ्हाडी घेऊन आलं. १४ एप्रिल १९९० च्या आधीची अतिक्रमणं कायम करायचा सरकारी निर्णय आहे. तरी सातबाऱ्यासाठी माणसं तलाठ्याकडून तहसीलला, तहसीलवरून तलाठ्याकडं फिरतायत. फिरून फिरून त्याच जागी. चकवा म्हणतात तो हाच.

आणि आपलं काय? १९५६ ला नागपुरात आपण श्राद्धपक्ष सोडला, पिंडदान सोडलं. त्या बावीस प्रतिज्ञांचा अर्थ एवढाच की मेलेल्यांच्या नावानं जित्यांना लुटू द्यायचं नाही. मग पुण्या-मुंबईच्या खोल्यांत, निळा झेंडा लावलेल्या मोटरसायकलच्या हँडलला लिंबू-मिरची कशाला लोंबतेय? कुणाची दृष्ट लागणार आहे, ज्यांनी आपल्याकडं कधी माणूस म्हणून बघितलं नाही त्यांची?

पुढच्या खेपेला कुणी भुताची गोष्ट सांगायला लागला तर हसू नका, उठूनही जाऊ नका. ऐका. आणि शेवटी त्याला विचारा, ते भूत बसतं ती जागा कुणाच्या नावावर आहे? सातबारा दाखव.

जय भीम.