डास गटारातला नाही, तुमच्या रूममधला!

डेंग्यूचे पेशंट वाढले की आपली पहिली रिअ‍ॅक्शन ठरलेली: 'नाले तुंबलेत, धुराची गाडी का येत नाही?' गाडी येतेही. गल्लीभर पांढरा धूर होतो, आपण खिडक्या लावून घेतो आणि वाटतं, चला, काम झालं. पण ज्या डासासाठी हा सगळा घाट, तो गटारात राहतच नाही. तो आत, तुमच्या पडद्यामागे निवांत बसलेला असतो.

एडिस इजिप्ती हे त्याचं नाव. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका या तिन्हींचा मुख्य वाहक. याचे पूर्वज आफ्रिकेतल्या जंगलात, झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढायचे. माणूस घरात पाणी साठवू लागला आणि डासाला आयती ढोली मिळाली. आज ती म्हणजे मनी प्लांटची बाटली, कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे. (तो ट्रे शेवटचा कधी पाहिलात? खरं सांगा.) स्वच्छ पाणी आठ-दहा दिवस तसंच राहिलं की अंड्याचा डास तयार.

खरी गोम अंड्यांत आहे. मादी ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने तग धरतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. त्यामुळे पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. आठवड्याचा 'कोरडा दिवस' त्यासाठीच असतो. (तुमच्या डोक्यात आला तो ड्राय डे वेगळा!)

धुराने अंडी, अळ्या मरत नाहीत. तरी फवारणीचीच मागणी होते, कारण ती दिसते. घरोघरी भांडी तपासणारा कर्मचारी कुणाच्या लक्षात येत नाही. आलाच तर आपण दार उघडत नाही.

हे महागात पडू शकतं. राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण 2021 मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडला. 2024 च्या पावसाळ्यात पुणे शहरात साथ आली, तेव्हा बाधितांत बऱ्याच गर्भवती होत्या. झिका पोटातल्या बाळाच्या मेंदूवर घाव घालतो; बाकी बहुतेकांना लक्षणंही जाणवत नाहीत. म्हणजे ठणठणीत दिसणाऱ्या तुम्हाला चावलेला डास पुढे वरच्या मजल्यावरच्या वहिनींना चावू शकतो.

हा डास आयुष्यात जेमतेम काहीशे मीटर उडतो. विषाणूला गावोगाव नेतो तो माणूस. तेव्हा ताप अंगात असताना गावाकडची एसटी पकडू नका, आधी रक्त तपासून घ्या आणि दिवसाही मच्छरदाणीत झोपा. हा डास दिवसाच चावतो.